पेंटरताईची अडतीस पुस्तकं

पेंटरताईला एखाद्या पुस्तकाबद्दल विचारायचं असेल तर हाताशी वेळ ठेवून विचारावं. जाता जाता "कसं आहे हो ते?" म्हणणाऱ्याला ती जाता जाताच उत्तर देते, "बरंय." पण शिडीच्या पायाशी उभं राहून, मान वर करून नीट विचारलंत की मग बघा. रोलर बादलीच्या काठावर टेकवते, कानातला इयरफोन काढते आणि सुरू होते.

समाजावरच्या पुस्तकांवर तिचा खास राग. "मेलं प्रत्येक प्रकरण विमानतळावर सुरू होतं! हातात कॉफी घेऊन लेखक उभा, आणि त्याला एकदम समाज दिसला. अरे बाबा, लोकांच्या घरात जा, कपाट सरकव, मागे काय निघतं ते बघ, आणि मग बोल!"

विज्ञानाच्या पुस्तकांशी तिचं जास्त जमतं. लेखक "हे आम्हाला अजून कळलेलं नाही" म्हणाला की ती शिडीवरच मान डोलावते. असा माणूस भरवशाचा, असं तिचं मत. एकच मुद्दा बारा प्रकरणं घोळवणाऱ्याला मात्र माफी नाही. "एका हातात भिंत झाकली जात होती, याने सात मारले!" हात म्हणजे रंगाचा थर. ती पुस्तकं फोनवर ऐकते, तेव्हा ती वाचून दाखवणारेही तिच्या तावडीतून सुटत नाहीत. त्यातला एक जण आकडे असे वाचतो, जणू कुणी गेल्याचं कळवतोय. दुसरी बाई प्रत्येक वाक्याला लाडीगोडी लावते. जंतूंवरच्या पुस्तकाला लाडीगोडी कशाला, सांगा!

तर ही पेंटरताई. वय त्रेपन्न, शिक्षण आठवी. घरांच्या रंगकामाचा धंदा आधी नवऱ्याचा. आठ वर्षांपूर्वी त्याचा खांदा कायमचा निकामी झाला. हात डोक्याच्या वर जाईना, आणि छत तर डोक्याच्या वरच असतं. तेव्हा हिने पदर खोचला आणि शिडीवर चढली. बाई कसलं छत रंगवते, म्हणून लोकांनी नाकं मुरडली. पहिलं छत रंगवून झाल्यावर ती नाकं आपोआप सरळ झाली. आता नवरा गिऱ्हाइकांशी बोलतो, रंगाच्या छटा जुळवतो, आणि सकाळी डब्याबरोबर तिच्या फोनमध्ये दिवसाचं पुस्तक भरून देतो.

सुरुवात गोष्टींनी झाली होती. पण गोष्ट ऐकली की हिला रडू येतं, आणि डोळ्यांत पाणी असलं की छताची कड सरळ येत नाही. दोन घरांच्या कडा बिघडल्यावर तिने नवऱ्याला बजावलं, "खरं काहीतरी घाल बाई त्यात." नवऱ्याने गावच्या वाचनालयाच्या श्राव्य विभागातून मुंग्यांच्या वसाहतींवरचं एक पुस्तक उतरवून दिलं. झालं! त्या दिवसापासून भिंत आणि पुस्तक यांची गाठ पडली ती पडलीच. एक कान पुस्तकाला, एक कान घरच्या मालकिणीला. प्रत्येक पुस्तक दोनदा ऐकायचं, कारण पहिल्या हातात फक्त भिंत कळते, रंग दुसऱ्या हातात बसतो. दुसरा हात होईपर्यंत मत द्यायचं नाही, हा तिचा नियम. मग फोनवर बोलून ती वाचनालयाकडे अभिप्राय पाठवायची. वाचनालयात ते लावले की ऐकायला लोक थांबायला लागले होते, म्हणजे बघा.

चूक होत नाही असं नाही. माणसाच्या स्मरणशक्तीवरचं पुस्तक ऐकता ऐकता तिने एकदा झोपायच्या खोलीचा निळा रंग स्वयंपाकघराला मारला होता. रविवारी जाऊन भिंत पुन्हा रंगवून दिली आणि अभिप्रायात तेही सांगून टाकलं: "पुस्तक फार चांगलं आहे, पण काम करताना ऐकू नका."

एवढं सगळं सुखात चाललं असताना वाचनालयाच्या पुस्तक निवड समितीत वाचकांच्या प्रतिनिधीची जागा निघाली. अट एकच होती. वर्षभरात वाचनालयातली किमान तीस पुस्तकं वाचलेली हवीत. ताईने अर्ज घेतला आणि त्या रकान्यात ठसठशीत आकडा घातला, अडतीस.

वाचनालयाचे कार्यवाह म्हणजे तिचा सख्खा मोठा भाऊ. निवृत्त शिक्षक, सरळ रेषेत चालणारा माणूस. अर्ज त्याच्या हातात पडला आणि तो संध्याकाळी थेट हिच्या घरी आला. चहासुद्धा घेतला नाही.

"अर्ज मागे घे," दादा म्हणाला.

"का रे?"

"अगं, ही अडतीस तू वाचलेली नाहीस. ऐकली आहेस. ऐकणं म्हणजे वाचणं नव्हे. उद्या समितीत कुणी विचारलं तर तुझंही हसं होईल आणि माझंही."

"विचारू देत की! मी सांगेन."

"भिंती घासताना कानावर पडलेलं काय सांगणार तू?"

नवरा मध्ये काही बोलणार होता, ताईने त्याला डोळ्यानेच गप्प केलं. एकाचंच शिक्षण परवडेल म्हणून वडिलांनी दादाला पुढे शिकवायचं ठरवलं, तेव्हा आठवीतून घरी बसली ती हीच. त्याचा राग तिने कधी धरला नव्हता. पण आज स्वतःच्या बळावर मिळवलेली अडतीस पुस्तकं तोच दादा उडवून लावत होता, हे मात्र तिला फार लागलं. समितीतली खुर्ची गेली खड्ड्यात. ही पुस्तकं माझी आहेत, एवढं दादाच्या तोंडून कबूल व्हायला हवं होतं.

"अर्ज मागे घेणार नाही," ती म्हणाली. "तूच फेटाळ, सगळ्यांच्या समोर."

शनिवारी दुपारी बैठक भरली. लांब टेबल, सात खुर्च्या, भिंतीवर ओलीचा डाग. (आत येताच ताईने तो पाहिला आणि मनात म्हणाली, आधी गळती काढा, मग रंगाचं बघू.) ती अर्ध्या दिवसाचं काम टाकून आली होती. कपडे धुतलेले होते, पण कोपराला पांढरा ठिपका राहिलाच होता. अध्यक्ष म्हणजे दातांच्या जुन्या डॉक्टरीणबाई, कमी बोलणाऱ्या. दादाने अर्ज वाचून दाखवला आणि आपली हरकतही प्रामाणिकपणे मांडली.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा खाली केला. "आज आपल्याला दहा शाळांसाठी एक पुस्तक निवडायचंच आहे. कष्टाची कामं आणि समाज यावरचं, कार्यवाहांनी सुचवलेलं. ताई, ते तुमच्या अडतीसमध्ये आहे का?"

"आहे. दोनदा."

"मग बोला."

ताई उठून उभी राहिली. बसून बोलायची तिला सवय नव्हती. "पहिली पाच प्रकरणं सोन्यासारखी आहेत. लेखक चाळीस घरांत गेला, तिथे बसला, जेवला, आणि दुसऱ्या प्रकरणात स्वतःच म्हणाला की चाळीस घरांवरून सगळ्यांबद्दल बोलू नये. मला फार आवडलं ते. पण नवव्या प्रकरणात त्याच चाळीस घरांची 'सगळी श्रम करणारी माणसं' झाली. मधे एकही नवीन घर नाही! वर म्हणतो, रोज तेच तेच हाताचं काम करणाऱ्यांचं डोकं हळूहळू झोपी जातं."

"असं कुठे लिहिलंय?" दादा ताडकन म्हणाला. "तू काहीतरी भलतंच ऐकलंयस."

"नववं प्रकरण. शेवटाकडे. मुलाखतीतली ती शिवणकाम करणारी बाई संपली की लगेच."

पुस्तक टेबलावरच होतं. डॉक्टरीणबाईंनी ते ओढलं, पानं उलटली. मग त्यांनी ते वाक्य मोठ्याने वाचलं. शब्दन् शब्द तसाच होता.

"आठ वर्षं मी रोज तेच तेच काम करतेय," ताई म्हणाली. "माझं डोकं झोपलं असेल, तर हे पकडलं कुणी?"

कुणीतरी खुदकन हसलं. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी टेबलाभोवती एक नजर फिरवली आणि विचारलं, "इथे हे पुस्तक शेवटपर्यंत कुणी वाचलंय?"

एकाने पेनचं टोपण घट्ट केलं. एकीला खिडकीबाहेर काहीतरी दिसलं. दादाच्या कपाळावर घाम आला. खोटं बोलणं त्याला जमलं असतं तर बरं झालं असतं, पण त्याला ते कधीच जमलं नाही.

"चार प्रकरणं वाचली," तो म्हणाला. "पुढचं चाळलं."

"मीही चाळलंच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ताई, तुम्ही का नाही पुढे ढकललंत?"

"कसं ढकलणार? हाताला रंग असतो. फोनला हात लावता येत नाही. एकदा लावलं की लेखक म्हणेल ते सगळं ऐकावं लागतं. शेवटी आभार मानतो ना, तेसुद्धा."

या वेळी सगळेच हसले, पण ते हसणं वेगळं होतं. पुस्तक घ्यावं की नाही, असं विचारल्यावर ताई म्हणाली, घ्या की, पण शिक्षकांना सांगा की दुसरं आणि नववं प्रकरण मुलांसमोर शेजारी शेजारी ठेवा, मुलंच चूक शोधतील. तसाच ठराव झाला. मग अर्जाचा प्रश्न आला. अध्यक्ष काही बोलायच्या आत दादा उठून उभा राहिला.

"माझी हरकत मी मागे घेतो," तो म्हणाला. "अर्जात अडतीस पुस्तकं वाचली असं लिहिलंय. ते खरं आहे."

ताईने मान खाली घातली नाही. तिला रडू येत होतं, पण समोर कुठली कड रंगवायची नव्हती, तेव्हा आलं तर येऊ दे म्हणाली.

अर्ज मंजूर होऊन बैठक संपली आणि दोघं पायऱ्यांवर आली. दादाने चप्पल पायात सरकवायला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला.

"एक सांगशील?" तो म्हणाला. "तुझ्या त्या अडतीसमधलं मी आधी कुठलं वाचू?"

जन्मभर याने तिला काय करावं, काय करू नये ते सांगितलेलं. दादा कधी तिला काही विचारेल, असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. तिला इतका अभिमान वाटला की ती पायरीवरच थांबली.

"शेवटपर्यंत जाणार असशील तरच सांगते," ती म्हणाली.

"जाईन गं."

मग ताईने नाव सांगितलं, लेखकाचं नाव सांगितलं, कुठलं प्रकरण जड जाईल तेही सांगितलं. आणि सदतीस वर्षं फळ्यापाशी उभं राहून मुलांना लिहून घ्यायला लावणारा तिचा मोठा भाऊ, एक पायरी खाली उभा राहून, ते सगळं वहीत लिहून घेत होता.