शेजारच्या ओट्यावर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. पोरांना नाही, पाळकसाहेबांना नाही. गुडघे टेकून प्रार्थना करतानाही — तेवढं गाळूनच पुढं जायची. ज्याला सगळं दिसतं, त्याच्यापासून काय लपवणार होते मी?

आमच्या चर्चच्या मंडळीत विश्वासाची साक्ष द्यायला मलाच उभं करायचे. रोजच्या गोष्टींतून मला बायबलचं वचन समजावता यायचं ना! कणकेत पाणी जास्त झालं, पैठणहून येताना एसटी बंद पडली — मी त्यातून विश्वासाचा धडा काढायची. बाया डोळे पुसायच्या. पण जिथं तिथं मागणी असायची ती एकाच साक्षीला. माझ्या नवऱ्याच्या मरणाच्या.

प्रभाकर एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर. लई हसरा माणूस, रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवायचा. त्याला घशाचा कॅन्सर झाला. डॉक्टर म्हणाले, घरी न्या. छावणीतल्या आमच्या दोन खोल्यांत तो पडून असायचा. गळ्यावरची जखम चिघळली, वास यायला लागला. मी धुवायची, पुसायची, भरवायची — पण हे आत्ता कशाला सांगतेय मी? स्वतःची बाजू सावरायलाच ना? राहू दे.

त्या दुपारी त्याच्या छातीत घरघर लागली. शेजारच्या रुखसानाआपा बघायला आल्या होत्या, उशाशी बसल्या होत्या. त्यानं माझा पदर धरला.

"जाऊ नको गं. इथंच बस."

"दूध घेऊन येते. आलेच," मी म्हणाले.

दूध घरात होतं.

मी बाहेर पडले आणि आपांच्या ओट्यावर जाऊन बसले. मधे फक्त एक भिंत. त्याचा आवाज येत होता, फाटका, घोगरा — माझंच नाव. परत माझंच नाव. मी पदराचा बोळा करून कानावर दाबला. उठले नाही. का नाही उठले? भीती वाटली. त्या वासाची, त्याच्या डोळ्यांची, जे येत होतं त्याची. दुसरं काही नाही. आवाज थांबला, तरी मी बसूनच होते.

मग आपा बाहेर आल्या. त्यांच्या ओढणीचं टोक ओलं होतं — त्याच्या ओठांना त्यांनी पाणी लावलं होतं. "भाभी, आखिर तक तुमकोच पुकार रहे थे," एवढंच म्हणाल्या. आत का आला नाहीत, असं विचारलं नाही. पुढं जन्मभर विचारलं नाही.

मातीनंतर पाळकसाहेबांनी विचारलं, "बाई, शेवट शांत झाला ना?"

"व्हय. माझ्या हातात हात होता. स्तोत्र म्हणत म्हणत गेले."

कुठून आलं हे माझ्या तोंडात? मला खरंच ठाऊक नाही. पण समोरच्यांच्या चेहऱ्यावर असा दिलासा दिसला — आणि मला तो गोड लागला. मग घरोघरी सांगत गेले. सांगताना त्यात भर पडली. त्याच्या तोंडावर उजेड आला, तो हसला. शेवटी मी म्हणायची, खरा विश्वास असला की मरणाला माणूस भीत नाही. मी म्हणायची हे. मी!

मी शिकवायची त्याच शाळेत सुनंदाही शिकवायची. तिची एकुलती एक लेक, एस्तेर, रक्ताच्या आजारानं अंथरुणाला खिळली. मी भेटायला गेले आणि तीच साक्ष दिली. सुनंदानं माझे दोन्ही हात घट्ट धरले. म्हणाली, "मावशी, मग मीबी तसंच करीन."

तिनं तसंच केलं. लेकीचा हात धरून स्तोत्र म्हणत बसली, चेहऱ्यावर उजेड यायची वाट बघत.

एस्तेरचं दफन झाल्यावर थोड्या दिवसांनी ती माझ्या घरी आली. रडत नव्हती. खाली बघून बोलत होती.

"लई तडफडली मावशी. मी स्तोत्र म्हणत व्हते, तर म्हणाली, आई, ते नको म्हणू, मला जवळ घे. मी म्हणतच राहिले. वाटलं, आता शांत व्हईल. आता व्हईल." मग तिनं वर पाहिलं. "माझ्या विश्वासातच काहीतरी उणं असंल ना? काकांचं तसं झालं नाही. माझ्याच पोरीचं कसं झालं?"

एक वाक्य पुरलं असतं. मी तिथं नव्हते, सुनंदा. एवढंच. तिच्या उरावरचा धोंडा मला उचलता आला असता — तो मीच ठेवला होता.

मी म्हणाले, "देवाची इच्छा आपल्याला कळत नसते."

"म्हंजे मीच कमी पडले," ती म्हणाली.

मी नाही म्हटलं नाही.

ती उठली. दारात थांबून तिनं मला, आमच्या मंडळीत वडीलधाऱ्यांना करतात तसा, सलाम केला, आणि मी तो घेतला.