डाव्या अंगाची मेंढरं

माझा थोरला भाऊ सांगोल्याकडच्या माळावर मेंढरं राखतो. मी लग्न होऊन सोलापुरात, भवानी पेठेत आले ती इथलीच झाले. गेल्या उन्हाळ्यात त्याच्याकडे राहायला गेले, तेव्हा अंगणात बसून तो एक अजब गोष्ट सांगू लागला. हल्ली माणसं त्याला चालत येताना दिसतच नव्हती; एकदम उगवायची. मेंढरांचंही तेच. माळ मोकळा असायचा आणि मग डाव्या अंगाला अचानक एक मेंढरू उभं, जसं काही वाऱ्यानंच आणून ठेवलेलं. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. वय झालं की जग असं होत असेल, असं तो धरून चालला होता. ऐकता ऐकता मलाही ते खरं वाटू लागलं.

दुसऱ्या दिवशी रस्ता ओलांडताना डावीकडून आलेली मोटरसायकल त्याला दिसलीच नाही. मी दंडाला धरून मागे ओढलं आणि त्याला सोबत घेऊनच सोलापूरला परतले.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घातले आणि बराच वेळ यंत्रातून पाहिलं. त्याच्या डोळ्यातल्या भिंगावर कोंड्यासारखा पांढरा भुसा बसला होता. तो माळावरच्या धुळीचा नव्हता, डोळ्यातच तयार झालेला होता. डोळ्यातलं पाणी जिथून निचरतं, तिथे तो अडकतो. मग दाब वाढतो आणि नस हळूहळू वाळते. दुखत नाही, खुपत नाही. कडेकडेनं नजर जाते. डाव्या डोळ्याची काचबिंदूनं बरीचशी नेली होती. उजव्यातही भुसा होता, पण नस शाबूत होती.

दादा म्हणाला, "म्हंजे मेंढरं तितंच हुती व्हय?"

"तिथंच होती, बाबा," बाई म्हणाल्या. "गेलेली नजर परत येणार नाही. आहे ती राखायची."

सख्खी बहीण म्हणून त्यांनी मलाही तपासलं. माझ्या एका डोळ्यात तसाच भुसा निघाला, दाब मात्र ठीक होता. असा भुसा असलेल्या प्रत्येकाला काचबिंदू होतोच असं नाही, पण धोका इतरांपेक्षा बराच जास्त. दाब कधी चढेल सांगता येत नाही, म्हणून तपासणी चुकवायची नाही, असं त्यांनी बजावलं.

बाहेर पडलो तेव्हा दोघांच्याही बाहुल्या मोठ्या. भर दुपारचा रस्ता पांढरा होऊन वाहत होता. रिक्षा तरंगत येत होत्या, दुकानाबाहेर टांगलेल्या चादरींचे रंग एकमेकांत उतरले होते. मी त्याच्या डाव्या अंगाला राहिले, हात धरून. कोण कुणाला नेत होतं, कळत नव्हतं.

थेंबांनी डाव्या डोळ्याचा दाब पुरेसा उतरला नाही, म्हणून पुढे ऑपरेशन झालं. आता तो आटोक्यात आहे. त्याची सून रोज न चुकता थेंब घालते. कळप उजव्या हाताला ठेवून दादा चालतो आणि अधूनमधून मान वळवून डावीकडे बघतो.

तपासणीला आम्ही एकत्रच जातो. मागच्या खेपेला थेंब घालून बाकावर बसलो होतो. तो माझ्याकडे बघत राहिला.

"बाई, तुजं पिकल्यालं क्यास दिसंनात की," तो म्हणाला. "परकरातली हायेस अजून."

त्या उजेडात त्याच्याही तोंडावरच्या सुरकुत्या मला दिसत नव्हत्या.