कॉम्प्युटरवाल्याचे दोन हात

उल्हासनगरहून येणाऱ्या आमच्या कॉम्प्युटरवाल्याला कमी ऐकू येतं. आवाज तपासायचा असला की तो स्पीकरवर तळहात ठेवतो. काहीही विचारा, म्हणतो, "देखते हैं, आजी."

आमच्या मांजर्लीत पुराचं पाणी घरात शिरलं तेव्हा सुनेच्या इलेक्ट्रिक गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर गेला. त्याच्याशिवाय ती गिटार म्हणजे नुसती टिकटिक. सुनेने ती विकायची जाहिरात मोबाइलवर टाकली. मी कॉम्प्युटरवाल्याला बोलावून म्हटलं, "रेकॉर्डिंगबिकॉर्डिंग नको. कॉम्प्युटरमधून नुसती ऐकू येऊ दे."

त्याने गिटारची वायर माइकच्या भोकात घातली, सेटिंगमध्ये एक टिक केली. सुनेने तार छेडली आणि आवाज दणक्यात आला. मी म्हटलं, झालं.

त्याने एक हात गिटारवर ठेवला, दुसरा स्पीकरवर. "नाही, आजी. या हाताला थरथर आधी लागते, त्या हाताला नंतर. ऐसे में दीदी बजाएगी कैसे?"

असली हट्टी माणसं मला एरवी खपत नाहीत. पण सुनेनेही मान डोलावली; तार छेडली की आवाज जरा मागून येत होता.

त्याने ती टिक काढली, स्पीकरच्या सेटिंगमध्ये बंद असलेला माइक चालू केला, म्हणजे आवाज मध्ये न अडकता थेट स्पीकरला जाईल, आणि पुन्हा दोन्ही हात ठेवले.

"अब साथ में."

चहा न घेताच तो निघाला. सुनेने आधी जाहिरात काढून टाकली, मग वाजवायला बसली.