चार तुळया शाबूत

कुकरची शिट्टी झाली तेव्हा मिस्त्री ओट्याला टेकूनच उभे होते.

"अहो, गॅस बंद करा की! पाचवी झाली," बायको न्हाणीतून ओले हात झटकत आली.

"शिट्टी? झाली कुठे?"

तिने झाकणावरच्या वाफेकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "माझं बोलणं ऐकू येत नाही, ते तीस वर्षं चालवून घेतलं. आता कुकरशीही अबोला?"

मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

लाकूड ठोकून सांगण्यात त्यांचा हातखंडा. हातोडीच्या दांड्याने तुळईवर टकटक करायची आणि कान द्यायचा. चांगलं लाकूड खणखणीत बोलतं, आतून कुजलेलं बद्द वाजतं. काल त्यांनी बालवाडीच्या अंगणातला वेलींचा लाकडी मांडव दुरुस्त केला होता. सहांपैकी दोन तुळयांचा पावसापाण्याने भुगा झालेला, त्या बदलल्या. उरलेल्या चार नुकत्याच रंगवलेल्या. "ओरखडा नको हं," बालवाडीच्या बाईंनी बजावलं होतं. म्हणून पटाशी न टोचता त्यांनी नुसत्या ठोकून पाहिल्या आणि सांगितलं, चारही शाबूत.

चारही एकसारख्याच वाजल्या होत्या.

बाराला मुलं त्याखाली डबा खायला बसतात. आता साडेअकरा.

"चप्पल घाल. चल माझ्याबरोबर."

वाटेत सगळं ऐकल्यावर बायको त्यांच्यासमोर येऊन म्हणाली, "आणि हे मला आज सांगताय?"

"लोकांना कळलं असतं तर काम कोणी दिलं असतं?"

बालवाडीच्या अंगणात पोचताच मिस्त्री शिडीवर चढून तुळया ठोकू लागले. बायको खाली मान वर करून उभी. पहिली चांगली. दुसरी चांगली. तिसरीला तिचा चेहरा उतरला. "ही रिकाम्या खोक्यासारखी."

त्यांनी पटाशी दाबली. रंगाचा पापुद्रा फुटला आणि पातं मुठीपर्यंत आत गेलं. ओला तपकिरी भुसा खालच्या सतरंज्यांवर सांडला.

बायकोचे ओठ जोरात हलले. त्यांनी वळून पाहिलं. घंटा झाली असावी. डबे घेऊन मुलं दारातून धावत सुटली होती. मिस्त्री शिडीवरून जवळजवळ कोसळतच उतरले आणि हात पसरून मुलांच्या आडवे उभे राहिले. "थांबा! इकडे कुणी यायचं नाही!"

बाई धावत आल्या. "काल तर शाबूत म्हणालात!"

"अहो बाई, उन्हाने कधीकधी लाकूड..." बायकोने सावरायला सुरुवात केली.

"मला ऐकू येत नाही," मिस्त्री म्हणाले. "वर्ष झालं असेल."

बाईंनी जवळच्या मुलाला मागे ओढलं. मग मिस्त्रींकडे तोंड करून, त्यांना कळेल असं हळूहळू विचारलं, "या वर्षात आणखी कुठे कुठे ठोकून आलात?"

दवाखान्याची गॅलरी. वाचनालयाचा माळा. बहिणीच्या घरचा जिना. मिस्त्री एकेक सांगत बोटांवर मोजू लागले. एक हात संपला.

बायकोने त्यांच्या हातातली हातोडी काढून घेतली.

"आधी जिना," ती म्हणाली. "तिथे पोरं असतात."