कॉर्नेलियसचं नख

कॉर्नेलियसकडे माझं पहिल्यांदा नीट लक्ष गेलं, तेव्हा तो माझ्या गाडीच्या टायरला नख लावत होता. बहारीनमधल्या मआमीरच्या गॅरेजांच्या रांगेतलं ते टायरचं दुकान. जुलैची दुपार, पत्र्याखाली उभं राहवत नव्हतं. हा सडपातळ माणूस उकिडवा बसला, उजव्या अंगठ्याचं नख त्याने रबरात दाबलं, क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाला, "टीचर, ह्या गाडीने घरी जाऊ नका."

मी शिक्षिका आहे हे याला कसं कळलं, असं माझ्या चेहऱ्यावर उमटलं असावं.

"माझी अँजेला सातवीत तुमच्याकडे सायन्सला आहे. पालकांच्या मीटिंगला मी मागच्या बाकावर बसलो होतो."

मागच्या बाकावर बसणारे वडील आम्हा शिक्षकांच्या लक्षात राहत नाहीत. मी ओशाळून विषय बदलला. "पण टायरवरची नक्षी तर अजून चांगली खोल आहे की!"

"नक्षी बघून साडी घेतात, टीचर. टायर नाही."

त्याचं शास्त्र साधं होतं. इथल्या उन्हात रस्ता तव्यासारखा तापतो. मऊ रबर त्यावर चिकटतं, सोलवटतं, आणि एक दिवस हायवेवर फुटतं. म्हणून नख रुतलं की टायर बाद. रुतलं नाही आणि भेगही नाही, की टायर उत्तम. दुकानाचे मालक महमूद तेव्हाच पिकल्या दाढीचे होते. गिऱ्हाइकांना ते सांगत, "मशीन क्यों खरीदूँ? कॉर्नेलियस ने बोला खराब, तो खलास!"

वसईजवळच्या वाघोलीहून हा माणूस विसाव्या वर्षी इथे आला आणि त्याच दुकानात राहिला. बायको फ्लोरी एका हॉटेलच्या लाँड्रीत कामाला. एकुलती एक अँजेला पुढे नर्स झाली आणि कॅनडात रेजायना नावाच्या गावी गेली. मी निवृत्तीनंतर इथेच, मुलाकडे माहूज भागात राहिले. कॉर्नेलियस आणि फ्लोरी दोन गल्ल्या सोडून राहतात, त्यामुळे जाणं-येणं वाढलं. कॉर्नेलियस कमी बोलतो. बोलतो तेव्हा समोरच्याकडे न बघता त्याच्या चपलांकडे बघतो, आणि चपलेचा तळ झिजला असेल तर तेही सांगतो.

दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात मी गाडीत हवा भरायला दुकानात गेले होते. संध्याकाळचे पाच वाजले होते. अँजेलाचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे सकाळ होती, रात्रपाळी संपवून ती हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये उभी होती. नुकतीच जुनी गाडी घेतली होती.

"डॅडी, सगळे म्हणतात विंटर टायर्स लाव. स्नो सुरू होईल. आय डोन्ट नो. तुम्ही बघा ना."

"आहेत ते दाखव."

तिने फोन चाकाजवळ नेला. खाचा खोल होत्या, कडा धारदार.

"आता नख लाव. जोरात. रुततं?"

"नाही. एकदम हार्ड आहे."

"भेग?"

"नाही."

कॉर्नेलियसचा चेहरा उजळला. "फर्स्ट क्लास टायर आहे, पोरी. भीती घालून विकायचा तो दुकानदारांचा धंदा. बिनधास्त चालव."

"शुअर?"

"तुझ्या बापाने उभ्या जन्मात दुसरं काय केलंय?"

ती हसली. मग मला पाहून, "हाय मॅम!" म्हणाली. मी हात हलवला. रबर थंडीत कडक होतं, हे मी त्याच मुलीला सातवीत फळ्यावर लिहून दिलं होतं. आणि मी तिथे उभी राहून मान डोलावली.

नोव्हेंबरात एका सकाळी फ्लोरीचा फोन आला. "टीचर, कॉर्नेलियस दुकानात गेला नाही. रात्रीपासून बोलतही नाही. तुम्ही या."

दारातच तिने सांगितलं. पहिला बर्फ पडला त्या दिवशी अँजेला कामावरून घरी निघाली होती. सिग्नल लाल झाला, तिने ब्रेक दाबला, आणि गाडी थांबलीच नाही. चौकातून आडवी घसरत गेली, स्वतःभोवती फिरली आणि पलीकडच्या खड्ड्यात पडली. समोरून येणारा ट्रक वीतभर अंतरावरून गेला. तिचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. ही गोष्ट तिने पाच दिवस लपवली होती.

मी आत गेले. ट्रक, वीतभर, एवढंच डोक्यात घुमत राहिलं.

कॉर्नेलियस स्वयंपाकघरात फ्रीजसमोर उभा होता. वरच्या कप्प्यातून त्याने सुरमईच्या पिशवीखालून टायरचे दोन तुकडे काढले. दुकानातून कापून आणून रात्रीच ठेवले होते.

"टीचर, हा आपला चांगला टायर." त्याने नख लावलं. टक्क असा आवाज आला, दगडावर लागावं तसा. "आणि हा मी सकाळ-संध्याकाळ बाद करतो तो." दुसऱ्या तुकड्यात नख थोडं आत गेलं. त्याने तुकडा वाकवला, तो वाकलासुद्धा. "हा बर्फाला धरून राहिला असता. मी जो फेकतो, तो."

"तुझा काय दोष?" फ्लोरी म्हणाली. "बर्फ तू पाहिलायस तरी कधी?"

"मग 'मला माहीत नाही' म्हणायचं होतं. तेवढं नाही आलं तोंडातून."

मी म्हटलं, "मीही होते तिथे. मला तर माहीत होतं."

त्याने पहिल्यांदाच चपलांऐवजी माझ्या तोंडाकडे पाहिलं. रागाने नव्हे. बहुधा त्याला सोबत मिळाल्यासारखं वाटलं असावं.

"गाडी ओढून नेणाऱ्या माणसाने तिला विचारलं," तो हळू म्हणाला, "ह्या टायरवर बर्फात जा, असं सांगितलं कुणी? ती म्हणाली, कुणी नाही, मीच ठरवलं. माझं नाव सांगितलं नाही, टीचर. लाजली माझ्यासाठी."

तुकडे वितळत्या हिमकणांनी ओले झाले होते. ते त्याने ओट्यावर ठेवले आणि फ्लोरीच्या फोनवरून लेकीला व्हिडिओ कॉल लावला. तिचा हात झोळीत होता.

"अँजेला, त्या टो-वाल्याला फोन कर. सांग, माझ्या बापाने सांगितलं होतं. बहारीनमध्ये टायर विकतो. चुकला."

"डॅडी, प्लीज. इट्स ओके."

"ओके नाही. तू सांग. आणि चांगले टायर कोण लावतो, तेही त्यालाच विचार."

ती रडायला लागली. मग नाक पुसत म्हणाली, "सांगते. पण तो विचारेल, बहारीनमध्ये बर्फ पडतो का?"

"मग सांग, फ्रीजमध्ये पडतो. सुरमईवर."

तिघीही एकदम हसलो, मी, फ्लोरी आणि पलीकडून अँजेला. तो हसला नाही.

हाड दोन महिन्यांत जुळलं. दर ऑक्टोबरात अँजेला टायर बदलल्याचा फोटो पाठवते. कॉर्नेलियस तो मोठा करून बघतो आणि लावणाऱ्याचं नाव विचारतो, बाकी काही नाही. तो अजून मआमीरच्या त्याच दुकानात आहे, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, शुक्रवारी सुट्टी. बर्फ त्याने अजून पाहिलेला नाही.