नऊ इंचांचा मुद्देमाल

"साक्षी कोण?" असं विचारत साहेब शर्टाच्या खिशातून शिंप्याची टेप काढायचे. प्रश्न आणि टेप एकदमच बाहेर यायचे. मुलगी वर्गात पहिली आली असं मी कौतुकाने सांगावं, तर हे तमिळमध्ये 'बरं' म्हणावं तसं म्हणणार, "सरी. साक्षी कोण?" बायकोने सांगावं, आज बाजारात दोन हात लांब पडवळ पाहिलं, की टेप हजर. पडवळ बाजारातच राहिलेलं असायचं, तरी टेप हजर.

बँकेने माझी बदली चेन्नईला केली तेव्हा मैलापुरात आमच्या खालच्या मजल्यावर हे साहेब राहत होते. घराणं तंजावरच्या मराठ्यांचं, कित्येक पिढ्यांपूर्वी तिकडे गेलेलं. पहिल्या दिवशी ते म्हणाले, "तुम्हीं आलांत, मज फार संतोष जाहला." मला वाटलं थट्टा करताहेत, म्हणून मीही म्हटलं, "आम्हांसही जाहला." त्यांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. पुढे चार वर्षं त्यांच्याशी बोलताना माझी जीभ अधूनमधून तशीच वळायची.

ते केंद्र सरकारच्या एका खात्यात होते. नाव सांगत नाही, उगाच कुणाला त्रास नको. परदेशातून येणाऱ्यांच्या बॅगा उघडून बघायचं काम. आम्ही तिथे जाण्याच्या सहा वर्षं आधी एका बॅगेत त्यांना एक मोजा सापडला आणि मोज्यात एक हिरवं पिल्लू. पालीसारखं, पण पाल नव्हे. आपण ज्याला पंचनामा म्हणतो त्याला तिकडे महजर म्हणतात. तो साहेबांनी तिथल्या तिथे लिहिला. 'इग्वाना, नग एक, जिवंत. लांबी नऊ इंच.' खटला कोर्टात गेला आणि मुद्देमाल समुद्राकाठच्या रस्त्यावरच्या एका प्राणिसंग्रहालयात. असे पकडलेले, टाकून दिलेले परदेशी प्राणी तिथे सांभाळतात.

तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी साहेब बसने मुद्देमालाच्या तपासणीला जायचे. तसा नियम आहे म्हणायचे. तो नियम खात्यात दुसऱ्या कुणीही वाचलेला नव्हता.

माझी आई साताऱ्याहून आली होती, तेव्हाची ही गोष्ट. साहेब वर आले आणि म्हणाले, "अक्कास प्राणी दाखवूं. सगळेच चला." आईला 'अक्का' म्हटल्याने ती खूश. बायकोने दहीभात बांधला. आईने खालच्या झाडाची जास्वंदीची फुलं पिशवीत घेतली, येताना गणपतीला वाहायला.

संग्रहालय मोठं गमतीचं होतं. एक अजगर पेरुंगुडीच्या फ्लॅटमध्ये सापडलेला; मालक अमेरिकेला गेला आणि जाताना दार ओढून घ्यायला तेवढं विसरला नाही. एक निळा पोपट येणाऱ्या प्रत्येकाला "पो, पो" म्हणून हाकलत होता. एक शहामृग आईच्या नऊवारीच्या मागे लागलं ते शेवटपर्यंत. आई त्याला "हो बाजूला मेल्या" म्हणत फिरत होती आणि ते अदबीने अर्धं पाऊल बाजूला होत होतं.

आणि मग साहेबांनी पिशवीतून कार्बन पेपर काढले.

"महजरास दोन साक्षी लागतात," ते म्हणाले. "खात्याचीं माणसें चालत नाहींत."

आपल्याला सहलीला का आणलं ते आत्ता कळलं. बायकोने माझ्याकडे असं पाहिलं, की सगळा कट जणू मीच रचला होता. पण साहेबांनी वरच्या कार्यालयाचं पत्र माझ्यापुढे धरलं आणि माझं हसू गेलं. पत्रात म्हटलं होतं, जप्तीच्या वेळी लांबी नऊ इंच, सध्या चार फूट. सबब हा तो मुद्देमाल नव्हे. सदर प्राणी तिथून तात्काळ हटवावा. मुद्देमाल वाढला कसा, याचा खुलासा आधीच मागवला होता. साहेबांनी एका शब्दात दिला होता: 'खाण्यामुळें.' तो वर मान्य झाला नव्हता.

"हटवणें म्हणजे कोठें नेणें?" ते मला विचारू लागले. "तें कागदांत नाहीं, तंबी." मला ते तंबी, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणायचे.

तुम्ही म्हणाल, एका सरड्यासाठी एवढं काय? मीही तेच म्हणणार होतो. पण महिन्याभरात निवृत्त होणारा तो माणूस ते एवढंसं पत्र दोन्ही हातांत धरून उभा होता.

तोड त्यांच्याच पहिल्या महजरात होती. त्याच्या मागच्या पानावर त्यांनी लिहिलं होतं, 'मागील उजव्या पायास बोटें चार, एक नाहीं.' पान उलटण्याचे कष्ट वर कुणी घेतले नव्हते. आता दोन परक्या माणसांनी, म्हणजे मी आणि आईने, ती बोटं मोजून सही केली की काम झालं. पण मुद्देमाल जाळीआड उंच फांदीवर पाय पोटाखाली घेऊन बसला होता.

आईने मान वर केली. "अगंबाई, ही तर घोरपड."

"अक्का, हा इग्वाना."

"माझ्या माहेरी बांधावर उन्हाला बसायच्या. मला घोरपड कळत नाही होय?"

साहेबांचा चेहरा उतरला. घोरपड आपल्याकडचीच. महजरात घोरपड आली की मुद्देमाल बदलल्याचं आयतंच सिद्ध झालं. मी आईला खुणा केल्या. आई म्हणाली, "डोळे कसले मिचकावतोस? मी खोट्यावर सही करायची नाही."

"सरी," साहेब म्हणाले. "साक्षीस जें दिसतें तेंच लिहावें." आणि गुडघ्यावर कागद ठेवून ते खरोखरच लिहायला लागले, 'साक्षी क्रमांक दोन यांचे मतें घोरपड.'

रुमाल काढायला म्हणून आईने पिशवीत हात घातला, तर रुमालाबरोबर एक लालभडक जास्वंद बाहेर आली. वर फांदीवर हालचाल झाली. मुद्देमालाने मान वाकडी केली, एकेक पाऊल टाकत खाली उतरला, जाळीला चारही पायांनी चिकटला आणि आईच्या बोटांतून फूल काढून घेऊन खाऊ लागला.

आई बघतच राहिली. "घोरपड फूल खात नाही," ती म्हणाली. "उंदीर खाईल, अंडी खाईल. हे शाकाहारी आहे. खोडा ते. घोरपड नव्हे."

मग आम्ही जाळीला नाक लावून बोटं मोजली. चार. आईने दोनदा मोजली. आत शिरलेल्या रखवालदाराने शेपटी सरळ धरली, बायकोने जाळीतून टेप धरली. चार फूट एक इंच. महजरात वाक्य आलं, 'साक्षी क्रमांक दोन यांनीं दिलेलें फूल मुद्देमालानें सर्वांसमक्ष खाल्लें.'

"गणपतीचं होतं, तेही लिहा," आई म्हणाली. तेही लिहिलं. मागे शहामृग उभंच होतं. त्याची सही तेवढी घेतली नाही.

पुढच्या महिन्यात वरून एका ओळीचं उत्तर आलं: 'नोंद घेतली.' साहेबांनी ते आम्हाला दोनदा वाचून दाखवलं. संध्याकाळी पातेलंभर पायसम वर आलं.

निवृत्त झाल्यावरही त्यांचा पहिला रविवार चुकला नाही. आता खिशात टेप आणि पिशवीत जास्वंद. खटल्याचा निकाल लागला होता, प्राणी संग्रहालयाचाच झाला होता, तपासायला काही उरलं नव्हतं. तरी परत आल्यावर ते जिन्यातूनच सांगायचे, "अर्धा इंच वाढला." मी विचारायचो, "साक्षी कोण?" तेव्हा मात्र ते लहान मुलासारखे हसायचे.

दोन वर्षांनी, नोव्हेंबरच्या पावसात, चार दिवसांच्या तापाने ते गेले. माणूस इतका सवयीचा झाला होता, की त्यांच्या दारावरून वर जाताना आम्ही आपोआप हळू चालायचो. तेराव्याला त्यांच्या पत्नीने टेप माझ्या हातात दिली. मी आईला फोन केला. ती म्हणाली, "त्याला जास्वंद कोण नेतंय?"

पहिल्या रविवारी आम्ही दोघं गेलो. फूल दिसताच तो उतरला. पूर्वीसारखीच शेपटी धरवून आम्ही मापलं: चार फूट चार इंच. बायको म्हणाली, लिहून ठेवू या. बसच्या तिकिटाच्या मागे लिहिलं. साक्षी म्हणून मी सही केली, तिने केली. महजराखाली लिहिणाऱ्या अधिकाऱ्याचीही सही लागते. ती जागा आम्ही मोकळी ठेवली.