पाठीवर लिहिलेलं

माझ्या ताईबरोबर बाहेर पडायचं म्हणजे वैताग. वाटेत दहा माणसं थांबवणार. दुकानदार पिशवी भरता भरता म्हणणार, "बाई, मला ओळखलंत का?" बसचा कंडक्टर तिकीट द्यायचं सोडून तिच्यापुढे हात जोडून उभा. दवाखान्यात सुई टोचणारी मुलगी सांगते, "बाई, माझा 'ळ' तुम्हीच सुधारलात." ताईने जन्मभर पहिलीच्या पोरांना लिहायला शिकवलं, त्यामुळे आमच्या भागात ज्याला सही करता येते तो तिच्याच हाताखालून गेलेला. सगळ्यांची ती बाई. असू दे, माझं त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण तिच्या पोटचा मुलगासुद्धा तिला बाईच म्हणतो, हे मला सहन होत नाही.

आता ही गोष्ट मी सांगणार म्हणजे जरा तणतणतच सांगणार. मी कपडे शिवते. दिवसभर मशीनवर वाकून माझं डोकं तापलेलंच असतं. भाऊजी गेले तेव्हा चार दिवस ताईच्या सोबतीला म्हणून आले, ती इथेच राहिले. भाचा माझ्या डोळ्यांपुढे वाढला. मला हक्काने "मावशी, तू" म्हणतो आणि तिला "बाई, तुम्ही". ऐकलं की कानाला खडे टोचतात.

ताईची शिकवायची तऱ्हा मात्र न्यारी होती हं. सुरुवातीला ती पोरांच्या हातात पेन्सिल द्यायचीच नाही. जमिनीवर एकामागे एक बसवायची आणि पुढच्याच्या पाठीवर बोटाने अक्षर काढायला लावायची. पुढच्याने डोळे मिटून ओळखायचं. पोरं गुदगुल्यांनी लोळायची, पण लोळता लोळता अक्षरांची वळणं अंगात उतरायची. मग आगगाडी. सगळ्यात मागचा गार्ड. त्याने मनात एक शब्द धरायचा आणि पुढच्याच्या पाठीवर लिहायचा. पाठीपाठीवरून तो शब्द इंजिनापर्यंत पोचायचा, आणि इंजिनाने उठून तो फळ्यावर लिहायचा. गाडी चालू असताना तोंड बंद. आणि ज्याच्या डब्यात शब्द घसरला, त्याने पुन्हा लिहायचा. "पुन्हा लिही" हे ताई इतकं गोड म्हणायची, की काही पोरं मुद्दाम चुकायची.

पुढे वाक्यं लिहायची वेळ आली की तिचा दुसरा हट्ट सुरू व्हायचा. एका मुलीने लिहिलं, "माझे घर छान आहे." ताईने विचारलं, "छान म्हणजे कसं गं? मला काही दिसत नाहीये." पोरीने डोकं खाजवलं आणि लिहिलं, "आमचं दार कुरकुरतं, म्हणून बाबा चोरून आले तरी आईला कळतं." ताईने ते सगळ्या शाळेला वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी तो बाबा तेलाची बाटली घेऊन दाराशी बसलेला मी स्वतः पाहिला.

तर भाचा पहिलीत गेला तेव्हा शाळेत पहिलीचा वर्ग एकच, आणि त्यावर ताई. भाऊजी नुकतेच गेलेले. पोरगं आईला असं चिकटलेलं, की सोडवता सोडवेना. पहिल्याच दिवशी भर वर्गात उठून म्हणालं, "आई, हा मला चिमटे काढतोय!" सगळी पोरं फिदीफिदी हसली. नेमक्या मोठ्या बाई दारात उभ्या होत्या. ताई गोरीमोरी झाली. म्हणाली, "इथे आई नाही. इथे सगळ्यांसारखं बाई म्हणायचं."

यात तिचं काय चुकलं? कुणीही हेच म्हटलं असतं. पण संध्याकाळी हे ध्यान स्वयंपाकघराच्या दारात हाताची घडी घालून उभं राहिलं आणि म्हणालं, "बाई, मला भूक लागली. तुम्ही जेवायला वाढता का?" अगं बाई, काय हसलो आम्ही! ताईच्या तर डोळ्यांतून पाणी आलं. भाऊजी गेल्यापासून ती हसलीच नव्हती. पोराने ते बरोबर टिपलं. आईला हसवायचा उपाय त्याला सापडला होता. मग काय, सकाळी उठल्यावर बाई, अंघोळीला जाताना बाई, झोपताना बाई.

हळूहळू हसू ओसरलं, शब्द तेवढा राहिला. थोडा मोठा झाल्यावर ताई म्हणाली, "पुरे झालं आता. आई म्हण बघू." पोरगं कानापर्यंत लाल झालं. तोंड उघडलं, मिटलं आणि खेळायला पळालं. पुन्हा एकदोनदा तिने विचारलं, तेव्हाही तेच. जिभेला वळणच राहिलं नव्हतं. नंतर तिने विचारणं सोडून दिलं.

भाचा वाईट आहे असं कुणी समजू नका. भांडण नाही, अबोला नाही. नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला, तरी रविवार चुकत नाही. फोन वाजतो आणि, "बाई, तुम्ही गोळ्या घेतल्या का?" ताईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा सगळी कामं टाकून आला. आत नेताना तिचा हात धरून चालत होता. "घाबरू नका बाई," म्हणाला. ती बाहेर आली, एका डोळ्यावर पट्टी, आणि मला जवळ ओढून कानात काय सांगते? "नाही म्हणाला गं."

"काय नाही म्हणाला?" मी विचारलं आणि विचारता विचारताच मला कळलं.

"मला वाटलं होतं, आज तरी म्हणेल," ती म्हणाली. "एकदा म्हणाला ना, तरी पुरे आहे मला."

मी तिथेच त्याची कानउघाडणी करायला निघाले होते. ताईने माझा हात सोडला नाही. "सांगून वदवलेलं मला नको," म्हणाली. "वर्गात मी कधी कुणाला उत्तर सांगून लिहायला लावलं नाही." घ्या! डोळ्यावर पट्टी असतानासुद्धा हिचा वर्ग चालूच.

परवाच्या सुट्टीत भाच्याने त्याच्या मुलीला आमच्याकडे आणून सोडलं. तिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण ती एका जागी ठरत नाही. पहिलीत आहे. शाळेतून तक्रार आली होती, की ही लिहितच नाही, पेन्सिल दिली की रडते. "बाई, तुम्ही बघता का जरा?" भाचा म्हणाला. ताईने पहिलं काय केलं, तर दप्तरातली पेन्सिल काढून माळ्यावर ठेवून दिली. भिंगरी खूश! मग दोघींचं पाठीवर लिहिणं सुरू झालं. ताईची पाठ पुरेना म्हणून पोरगी माझ्या पाठीशी आली. मी मशीनवर बाही जोडतेय आणि मागून हिचा "क्ष" चाललाय. माझी शिवण जी वाकडी गेली, ती अख्खी उसवावी लागली. पण सुट्टी संपत आली तेव्हा पोरीने आपणहून पेन्सिल मागितली आणि पहिलं वाक्य लिहिलं, "मावशीआजी मशीनला ओरडते." माझंच सापडलं मेलं!

भाचा तिला न्यायला आला. चहा पिता पिता भिंगरी एकदम म्हणाली, "बाबा, तू आजीला बाई का म्हणतोस?"

"त्या मला पहिलीला होत्या ना."

"मग तुझी आई कुठे आहे?"

ताई उठली आणि घासलेली भांडी पुन्हा घासायला लागली. भाचा बशीतला चहा पुन्हा कपात ओतायला लागला. भिंगरीने तो नाद सोडला आणि फर्मान काढलं, "आता आगगाडी!"

"अगं, उशीर होतोय," भाचा म्हणाला. पण तिच्यापुढे कुणाचं चालतंय! आजी इंजिन, फळ्याजवळ. शाळेने टाकून दिलेला तो फळा ताईने पुढच्या खोलीत लावून घेतलाय. तिच्या मागे बाबा. एवढा थोरला माणूस गुडघे कडकड वाजवत जमिनीवर बसला. त्याच्या मागे भिंगरी आणि सगळ्यात शेवटी मी गार्ड. मी माझ्या धंद्यातला शब्द घेतला, "बटण". भिंगरीच्या पाठीवर नीट लिहिला. तिने जीभ बाहेर काढून बापाच्या पाठीवर लिहिला, तोही बरोबर. मी बघत होते.

मग भाच्याने हात उचलला आणि तो तसाच राहिला. मला मागून त्याचा कोपर दिसत होता. कितीतरी वेळ हलेना. मला वाटलं, हा विसरला की काय. शेवटी बोट ताईच्या पाठीला लागलं, फिरलं आणि थांबलं.

पहिलं वळण घेतलं की ताईला अक्षर कळतं. त्या दिवशी ती बसूनच राहिली. मग फळ्याला धरून उठली, खडू घेतला आणि लिहिलं, "आई".

"चूक!" भिंगरी किंचाळली. "मी बटण लिहिलं होतं! मावशीआजी, तू बटणच दिलं होतंस ना?"

"बटणच," मी म्हणाले.

"मग कुणाच्या डब्यात घसरला?"

"माझ्या," भाचा खाली बघत म्हणाला.

ताईने आमच्याकडे तोंड वळवलं नाही. "मग पुन्हा लिही," म्हणाली आणि त्याच्यापुढे येऊन बसली. त्याने पुन्हा लिहिलं. या वेळी हळू आणि मोठं, एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत.

"काय आलं, आजी?"

"नीट कळलं नाही गं," ताई म्हणाली. खोटारडी! "पुन्हा लिही."

त्याने लिहिलं. "पुन्हा." त्याने पुन्हा लिहिलं. मी मागे बसून नाक पुसत होते. भिंगरीने कपाळाला हात लावला. "बाबाला काहीच येत नाही! आजी, तू याला पण इथेच ठेवून घे."

निघताना भाचा दारात थांबला. "येतो," म्हणाला. एरवी त्याच्यापुढे "बाई" असतं, ते आज आलं नाही. ओठ हलले, पण दुसरंही काही आलं नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, एवढं लिहिलंस, मग बोल की! पण ताईने माझं मनगट घट्ट धरलं होतं. भिंगरीने बापाचा हात ओढला आणि दोघं जिना उतरून गेली. ती गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत ताई कठड्याशी उभी होती.

संध्याकाळी ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसली. तिची पाठ नेहमी धरलेली असते, म्हणून मी त्या खुर्चीला मुद्दाम जाड उशी शिवून दिली आहे. पण ती काठावर ताठ बसून राहिली.

"टेक ना जरा!" मी खेकसले. "नंतर पाठ दुखते म्हणून माझ्याच नावाने ओरडशील."

"नको गं," ती म्हणाली. "पुसलं जाईल."